तिसऱ्या मजल्यापासून अभिलेख कक्षापर्यंत : नेटवर्क विस्ताराच्या नोंदी

सोमवार, ८ एप्रिल २०२४

भायखळ्यातील आमच्या संस्थेच्या इमारतीचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग आहेत. मधल्या चौकामुळे ते एकमेकांपासून तुटलेले असून त्यांना जोडणारी एकच अरुंद गॅलरी दुसऱ्या मजल्यावर आहे. सर्व्हरची खोली पुढच्या भागात तिसऱ्या मजल्यावर आहे. जूनपासून अभिलेख कक्ष मागच्या भागात दुसऱ्या मजल्यावर हलवायचा आणि जुन्या नोंदवह्यांचे स्कॅनिंग तेथेच सुरू करायचे, असे कार्यकारी समितीने ठरवले आहे. त्यासाठी १४ टेबले, २ स्कॅनर, १ प्रिंटर, २ कॅमेरे आणि १ वाय-फाय बिंदू इतक्या जोडण्या लागणार आहेत.

सध्या मागच्या भागात गॅलरीतल्या वाय-फायवर कसेबसे काम चालते. भिंती दगडी आणि जवळपास दोन फूट जाडीच्या असल्याने दाराशी मिळणारा सिग्नल आतल्या कपाटांपर्यंत पोहोचतच नाही. पत्रे टाइप करणाऱ्यांचे तेवढ्यावर भागत होते, स्कॅनिंगचे भागणार नाही. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले की न आवळलेली फाइल सुमारे २६ मेगाबाइटची होते, म्हणजे ५०० पानांचे एक बाड १३ गिगाबाइटचे झाले. हे बाड १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सर्व्हरवर चढवायला सतरा-अठरा मिनिटे लागतात आणि गिगाबिटच्या जोडणीवरून दोन मिनिटांच्या आत काम होते. दिवसाला अशी अनेक बाडे हातावेगळी करायची असतील, तर वायरच्या जोडणीला पर्याय नाही. हा हिशेब कार्यवाहांपुढे ठेवला आणि त्यांनी काम मंजूर केले. त्यांची अट एकच आहे, की इमारतीच्या दर्शनी भागावर एकही वायर दिसता कामा नये. ती मला मनापासून पटते.

बुधवार, १० एप्रिल २०२४

नकाशावर सर्व्हरच्या खोलीपासून अभिलेख कक्षापर्यंत सरळ रेघ मारली तर अंतर ६४ मीटर भरते, आणि याच आकड्यावर एका ठेकेदाराने अंदाजपत्रकही देऊन टाकले आहे. वायर मात्र सरळ रेघेत जात नाही. तिला खोलीतून वर चढून छताखालून व्हरांडा ओलांडावा लागतो, जिन्याच्या कोपऱ्यातून एक मजला उतरावा लागतो, चौकाच्या तीन बाजू फिरून गॅलरी गाठावी लागते आणि पलीकडे दोन दारांच्या चौकटींवरून वळसे घेत आत शिरावे लागते. आज ज्येष्ठ वायरमन आणि मी फीत घेऊन हा सगळा मार्ग चाललो. जिथे फीत पोहोचेना तिथे सुतळी लावून मग ती मोजली. एका रॅकपासून (नेटवर्कची उपकरणे बसवण्याच्या कपाटापासून) दुसऱ्या रॅकपर्यंतचे अंतर ११८ मीटर निघाले.

या एका आकड्याने पुढची दिशा ठरून गेली. तांब्याच्या वायरीवरील इथरनेटची (संगणक वायरीने जोडण्याच्या रूढ पद्धतीची) मर्यादा एकूण १०० मीटरची आहे आणि त्यात भिंतीतली पक्की वायर ९० मीटर व दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (जोडणीच्या सुट्या, लवचिक वायरी) मिळून १० मीटर धरलेल्या असतात. इथरनेटच्या १९९०च्या टेन-बेस-टी मानकात हे अंतर होते, आणि १९९९मध्ये तांब्यावरच्या गिगाबिटचे मानक आले तेव्हाही तेच कायम ठेवण्यात आले. शिवाय हे ९० मीटर २० अंश सेल्सिअस तापमानाला धरलेले आहेत. तापमान वाढले की तांब्याचा रोध वाढतो आणि सिग्नल अधिक क्षीण होतो. साध्या, धातूचे आवरण नसलेल्या वायरीत हा वाढीव क्षय दर अंशाला सुमारे ०.४ टक्के धरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या माळ्यात आज दुपारी ३६ अंश तापमान होते. त्या हिशेबाने ९० मीटरमधले पाचेक मीटर नुसत्या उन्हाळ्यातच खर्ची पडतात.

शुक्रवार, १२ एप्रिल २०२४

पर्यायांचा विचार आज पुरा केला. पुढे कोणी विचारले तर उत्तर हाताशी असावे, म्हणून कारणांसह लिहून ठेवतो.

जिन्याच्या मधल्या वळणावर एक स्विच (नेटवर्कच्या अनेक वायरी एकत्र जोडणारे उपकरण) ठेवून तांब्याचे दोन तुकडे करावेत, ही पहिली सूचना होती आणि ती वरकरणी स्वस्तही होती. पण तिथे विजेचे पॉइंट नाही, भिंतीला दरवर्षी ओल येते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात सहज पोहोचतो. मधल्या स्विचचा वीजपुरवठा तुटला की चौदा माणसांचे काम थांबणार, आणि बिघाड मागच्या भागात दिसत असला तरी त्याचे मूळ जिन्यात असल्याने शोधणाऱ्याची वणवण होणार. असा सांधा जाणूनबुजून निर्माण करणे मला योग्य वाटत नाही.

गच्चीवरून वायर टाकण्याची दुसरी सूचना वायरमनकडून आली. मुंबईत केबलवाल्यांच्या वायरी एका गच्चीवरून दुसरीवर अशाच लोंबत जातात, त्यामुळे ही कल्पना कोणालाही प्रथम सुचावी हे स्वाभाविक आहे. उन्हाने आवरण तडकते, वाऱ्याने वायर घासते, विजेच्या लखलखाटात तिच्यावर क्षणिक विद्युतदाब चढतो, आणि कार्यवाहांची अटही मोडते. घरातल्या विजेच्या वायरीवरूनच डेटा नेणारी उपकरणे मिळतात, पण आमच्या दोन भागांचे मीटर वेगळे असल्याने ती इथे भरवशाची नाहीत.

राहिला फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने डेटा नेणारी केबल. एक अखंड केबल, मध्ये कुठेही वीज नाही, सांधा नाही, आणि अंतराची मर्यादा आमच्या गरजेच्या कितीतरी पुढची. फायबरमध्ये मल्टिमोड (जाड गाभ्याचा) घ्यावा की सिंगल-मोड (बारीक गाभ्याचा), याची चर्चा थोडी झाली. ११८ मीटरसाठी दोन्ही चालतात. सिंगल-मोडची केबल स्वस्त पडते, तिची मॉड्यूल (टोकाला विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा सिग्नल करणारे भाग) थोडी महाग असतात, पण दोनच लागणार असल्याने तो फरक नगण्य आहे. उद्या गिगाबिटऐवजी दहा गिगाबिट हवे झाले तर दोन्ही टोकांची मॉड्यूल आणि गरज पडल्यास स्विच बदलायचा, केबलला हातही लावावा लागणार नाही. भिंती फोडून, शिड्या लावून जी वस्तू घालायची ती पुन्हा काढावी लागू नये, हा विचार महत्त्वाचा ठरला. सहा कोअरची (तंतूंची) सिंगल-मोड केबल घ्यायची, त्यातले दोन कोअर वापरायचे आणि चार राखीव ठेवायचे, असे ठरले.

गुरुवार, १८ एप्रिल २०२४

दोन भागांचे अर्थिंग वेगवेगळे आहे, हे मीटरच्या खोल्या पाहूनच लक्षात आले होते. आज लांब वायर टाकून दोन्ही अर्थिंगमधला विद्युतदाब मोजला. सकाळी तो तीन-चार व्होल्ट होता आणि दुपारी पुढच्या भागातले वातानुकूलक चालू झाल्यावर ११ व्होल्टपर्यंत गेला. साध्या तांब्याच्या इथरनेट वायरीला एवढ्याने लगेच इजा होत नाही, कारण प्रत्येक पोर्टच्या (वायर खोचण्याच्या खाचेच्या) आत सिग्नल वेगळा करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. पण धातूचे आवरण असलेली वायर दोन्ही टोकांना अर्थ केली तर हा फरक तिच्या आवरणातून वाहू लागतो, आणि वीज कडाडली किंवा पुरवठ्यात दोष झाला तर काही क्षणांपुरता तो शेकडो व्होल्टचा होऊ शकतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नसल्याने फायबरने हा प्रश्नच निकालात निघतो.

इथे एक गाठ मात्र पडली. चौकात उंदीर आणि घुशी आहेत, त्यामुळे केबलला पोलादी पत्र्याचे चिलखत हवे, आणि ते घातले की दोन्ही भागांना जोडणारा धातू पुन्हा हजर होतो. बऱ्याच विचारानंतर चिलखती केबलच घ्यायचे ठरवले. चिलखत सर्व्हरच्या खोलीतच अर्थ करायचे आणि अभिलेख कक्षाच्या बाजूला ते रॅकच्या बरेच आधी कापून त्यावर रबरी नळी चढवायची, म्हणजे कुठल्याही लोखंडाला ते टेकणार नाही. ही गोष्ट नकाशावर लाल शाईने लिहिली आहे, कारण पुढे एखादा कामसू माणूस चांगल्या हेतूनेच ते दुसरे टोकही अर्थ करून टाकील.

मंगळवार, २३ एप्रिल २०२४

मागच्या भागात पूर्वीच्या एका भाडेकरूने टाकलेल्या नेटवर्कच्या वायरी भिंतीत आहेत. त्याच वापराव्यात, खर्च वाचेल, असे सुचवण्यात आले होते. आज त्यांतली एक वायर कापून पाहिली. आठ तारांपैकी एक सोलून तिच्या टोकावर चाकूची धार हलकेच फिरवली, तर तांबूस रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली पांढरी चकाकी दिसली. तार ॲल्युमिनियमची असून वर तांब्याचा नुसता मुलामा आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, त्यामुळे रोध वाढतो. कॅमेऱ्यांना त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर तार तापते आणि वाकवली की तुटते. खोक्यावर आणि आवरणावर काय छापले आहे, यावर भरवसा न ठेवता प्रत्येक नव्या खोक्यातील तार अशीच सोलून पाहायची आणि मीटरने रोधही मोजायचा, असे ठरवले. कॅट-६ प्रतीच्या वायरीत एका तारेचा रोध १०० मीटरला ९.३८ ओहमच्या वर जाता कामा नये.

दुपारी लॅमिंग्टन रोडवर जाऊन मॉड्यूल, पॅच पॅनेल (वायरींची टोके एकत्र बसवण्याची पट्टी) आणि तांब्याची वायर पाहिली, आणि लोहार चाळीतून पाइप, क्लॅम्प व केसिंग पट्टी घेतली. दुकानात दोन खोकी उघडून तार सोलून पाहिली. दुकानदाराने काही कुरकुर केली नाही, उलट स्वतःच चाकू पुढे केला. माल चोख निघाला.

मॉड्यूल घेताना एक खबरदारी घेतली. चाळीस किंवा ऐंशी किलोमीटरची मॉड्यूल अधिक दमदार, म्हणून तीच घ्यावीत असे काहींना वाटते. इतक्या जवळच्या अंतरावर त्यांचा प्रकाश समोरच्या ग्राहकाला (प्रकाश टिपणाऱ्या भागाला) पेलत नाही आणि मध्ये मुद्दाम क्षयक (प्रकाश मंद करणारा भाग) बसवावा लागतो. दहा किलोमीटरचे, १३१० नॅनोमीटरवर चालणारे एलएक्स मॉड्यूल या कामाला नेमके आहे. त्याचा जास्तीत जास्त प्रकाशही ग्राहकाच्या सहनशक्तीपलीकडे जात नाही.

रविवार, २८ एप्रिल २०२४

तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरण्यासाठी दगडी भिंतीला भोक पाडावे लागणार, अशी धास्ती होती. पण जिन्याच्या कोपऱ्यातला गिलावा ठोकून पाहिला तर एका जागी पोकळ आवाज आला, आणि तो जपून खरवडल्यावर आत लोखंडी पाइप सापडला. कधीकाळी टेलिफोनच्या वायरी नेण्यासाठी घातलेला हा पाइप दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीजवळ नेमका हव्या त्या ठिकाणी उघडतो. आतल्या वायरी कित्येक वर्षांपासून बंद आहेत, याची दोन्ही टोकांना खात्री करून आणि कार्यवाहांची लेखी परवानगी घेऊन त्या काढायला घेतल्या.

घोडे अडले ते पाइपच्या वळणावर. शिसाचे आवरण असलेली जुनी जाड केबल तिथे पाइपच्या गंजात घट्ट रुतून बसली होती. ओढली तर तुटेल आणि तुकडा वळणातच राहील, मग पाइप कायमचा बाद. ज्येष्ठ वायरमननी घाई केली नाही. वरून थोडे गंज सोडवणारे तेल सोडले, दोन तास जाऊ दिले, मग खालून ओढायचे सोडून वरून आत ढकलायला सुरुवात केली, आणि बोटभर हलली की उलट्या बाजूने परत आणायची, असे करत करत गंज आतल्या आत दळला गेला. शेवटी अख्खी केबल एका तुकड्यात बाहेर आली. तिच्या मागोमाग नायलॉनची दोरी आत आली होती, कारण वरच्या टोकाला ती आधीच बांधून ठेवलेली होती. त्याच दोरीने चिंध्यांचा बोळा दोनदा फिरवून पाइप साफ केला. वळणाची त्रिज्या मोजली तर ती ३० सेंटिमीटरच्या वर भरली. ओढताना केबलच्या व्यासाच्या वीसपटीहून कमी त्रिज्येचे वळण फायबरला चालत नाही. आमची केबल सव्वा सेंटिमीटरच्या आतली आहे, तेव्हा हे वळण बसते. दगडाला एकही नवे भोक न पाडता मजला उतरता आला, याचे फार समाधान वाटले.

बुधवार, १ मे २०२४

महाराष्ट्र दिनाची सुटी असल्याने कार्यालय रिकामे होते, म्हणून केबल ओढायचे काम आज घेतले. केबलचे ड्रम सर्व्हरच्या खोलीत ठेवले. ओढण्याचा ताण काचेच्या तंतूंवर न येता आतल्या ॲरामिडच्या (चिवट कृत्रिम धाग्याच्या) दोऱ्यांवर यावा, म्हणून त्या दोऱ्या आणि चिलखत यांना मिळून गाठ घातली. वळणावळणावर एकेक माणूस उभा केला आणि कोणीही झटका द्यायचा नाही, एवढी एकच सूचना दिली.

गॅलरीतून मागच्या भागात शिरताना केबल काही अंतर उघड्यावर येते. तिथे ती जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात घातली, पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला आणि आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळातून टपकेल. दोन्ही टोकांना सुमारे दहा-दहा मीटर केबल वेटोळे करून ठेवली आहे. ती वाया गेलेली केबल नसून पुढे रॅक हलवावा लागला किंवा एखादे टोक खराब झाले तर नव्याने सांधायला ठेवलेली तरतूद आहे.

रविवार, १२ मे २०२४

स्प्लायसिंगचे, म्हणजे फायबर सांधण्याचे, तंत्रज्ञ आज आले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा आणि पांढरा या क्रमाने सहा तंतू वेगळे करून त्यांवरची चिकट जेली पुसली. रंगीत आवरण सोलल्यावर उरणारा काचेचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यातला प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. तो काटकोनात कापून पिगटेलच्या (कनेक्टर लावून आलेल्या आखूड फायबरच्या) तंतूसमोर यंत्रात धरला, यंत्राने दोन्ही टोके जुळवली, क्षणभर विजेची ठिणगी उडाली आणि पडद्यावर दोन काचा एक झालेल्या दिसल्या. प्रत्येक सांध्यावर यंत्राने दाखवलेला क्षय, म्हणजे प्रकाशाची घट, ०.०३ डेसिबलच्या (घट मोजण्याचे एकक) आतच होता. एक सांधा यंत्राला चालला असता, पण पडद्यावर त्यात बारीक बुडबुडा दिसत होता. तंत्रज्ञांनी तो न सांगता तोडला आणि पुन्हा केला. तुकडे झालेल्या तंतूंची टोके डोळ्याला दिसत नाहीत आणि कातडीत शिरली तर निघत नाहीत, म्हणून ती चिकटपट्टीवर गोळा करून झाकणाच्या बाटलीत टाकली.

सोमवार, १३ मे २०२४

दुपारी शहरात धुळीचे वादळ आले आणि त्यामागोमाग पाऊस. घाटकोपरला जाहिरातफलक कोसळून माणसे दगावल्याची बातमी संध्याकाळी कळली. अशा दिवशी केबलविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. चौकाकडची खिडकी उघडी राहिल्याने मागच्या भागात सगळीकडे धूळ बसली आहे, एवढे नोंदवतो.

मंगळवार, १४ मे २०२४

या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दिवस हा होता.

चाचणीपूर्वी कागदावर हिशेब मांडला. दीडशे मीटरच्या आतल्या केबलचा क्षय १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.४ डेसिबल धरला तर जेमतेम ०.०६, दोन सांधे प्रत्येकी ०.१ धरून ०.२, आणि दोन कनेक्टर प्रत्येकी ०.५ धरून १. म्हणजे कुठल्याही कोअरवर क्षय १.३ डेसिबलच्या वर जाता कामा नये. मग प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर लावून सहाही कोअर मोजले. पाच कोअर ०.६ ते ०.८च्या दरम्यान आले आणि नारिंगी कोअर ३.४ आला.

इथे थांबून विचार करण्यासारखे होते. आमचे एलएक्स मॉड्यूल कमीत कमी −९.५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप) प्रकाश सोडते आणि मानकानुसार ग्राहकाला −१९पर्यंतचा प्रकाश वाचता येतो, म्हणजे साडेनऊ डेसिबलची मुभा आहे. ३.४ डेसिबल क्षय असूनही जोडणी चालू झाली असती, स्विचवरचा हिरवा दिवा लागला असता आणि सर्वांनी काम झाले म्हणून समाधान मानले असते. मॉड्यूल जुने होत गेले, धूळ वाढत गेली की एखाद्या वर्षी कारण न कळता जोडणी अधूनमधून तुटू लागली असती, आणि तेव्हा भिंतीतल्या केबलवर संशय घेऊन ती उपसण्याची वेळ आली असती. हिरवा दिवा एवढेच सांगतो की आज प्रकाश पोहोचतो आहे. किती हात राखून पोहोचतो आहे, हे फक्त मोजणी सांगते.

फायबरच्या टोकाला सूक्ष्मदर्शक लावला तर गाभ्याच्या अगदी काठावर वाळूच्या कणासारखा काळा ठिपका आणि त्याभोवती तेलकट वलय दिसले. अभिलेख कक्षाच्या बाजूच्या एका कनेक्टरची टोपी नीट बसलेली नव्हती आणि कालची धूळ तिथे शिरली होती. ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर असा कण म्हणजे दारात आडवी टाकलेली तिजोरीच. कोरड्या स्वच्छता-पेनने टोक पुसले, पुन्हा पाहिले, पुन्हा पुसले. दुसऱ्या वेळी ठिपका गेला आणि क्षय ०.७वर आला. मग बाकीची सगळी टोकेही, वाचन चांगले असूनही, पाहून पुसून घेतली. यापुढे कोणताही कनेक्टर जोडण्याआधी पाहायचा, पुसायचा आणि पुन्हा पाहायचा, असा नियम रॅकच्या दारावर चिकटवला आहे. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून चालू फायबरच्या टोकात कोणी डोकावू नये, ही सूचनाही त्याखाली ठळक लिहिली आहे.

शनिवार, १८ मे २०२४

अभिलेख कक्षातले रॅक पूर्वेच्या आतल्या भिंतीवर बसवले. पश्चिमेची भिंत दुपारी तापते आणि खिडकीजवळ पाऊस येतो. रॅकपासून सर्वांत दूरच्या टेबलापर्यंत तांब्याची वायर ३१ मीटर होते, तेव्हा अंतराची काळजी नाही. विजेच्या वायरींपासून फूटभर अंतर राखले आणि जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडले.

चाचणीत एकच पॉइंट नापास झाला. तारांच्या जोड्यांमधल्या सिग्नलची गळती अधिक होती. डबी उघडली तर वायरमनच्या मदतनिसाने तारा सुबक दिसाव्यात म्हणून इंचभरापेक्षा जास्त लांबीपर्यंत उलगडल्या होत्या. जोड्यांना दिलेला पीळच एकमेकींतली ढवळाढवळ रोखत असतो. तो १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये, हे त्याला समजावून सांगितल्यावर त्याने स्वतःहून बाकीच्या डब्याही उघडून तपासल्या.

सोमवारी, २० तारखेला, मतदानाची सुटी आहे. त्या दिवशी काम ठेवलेले नाही.

रविवार, २६ मे २०२४

आज जोडणी सुरू केली. मागच्या भागाचा सगळा वाहतूकभार एकाच फायबर-जोडीवरून जाणार असल्याने तो आधीच विभागून घेतला. टेबले व स्कॅनर, प्रिंटर, आणि कॅमेरे यांचे वेगवेगळे व्हीलॅन (एकाच वायरीवरची स्वतंत्र आभासी जाळी) केले, म्हणजे कॅमेऱ्यांच्या चित्रणापर्यंत कार्यालयातल्या संगणकांना पोहोचता येणार नाही. कॅमेरे आणि वाय-फाय बिंदू यांना स्विचमधूनच वीज जाते. त्या स्विचला स्वतंत्र एमसीबी आणि यूपीएस दिला आहे.

वेग मोजला तर दोन्ही दिशांना ९४० मेगाबिटच्या आसपास आला. गिगाबिटच्या जोडणीवर डेटाच्या प्रत्येक चौकटीसोबत (तुकड्यासोबत) जाणारा पत्त्यांचा व तपासणीचा भाग वजा केला की एवढाच डेटा उरतो, म्हणजे यात कसर नाही. मॉड्यूलने दाखवलेला ग्राहकाकडचा प्रकाश −६.७ डीबीएम आहे. हा आकडा नोंदवहीत पहिल्या पानावर लिहिला. अभिलेख कक्षाच्या प्रमुख बाईंनी जुन्या नोंदवहीचे एक बाड स्कॅन करून स्वतः सर्व्हरवर चढवले आणि ते पूर्ण झाले तरी त्या पडद्याकडे बघतच होत्या, कारण एवढ्या लवकर होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

गुरुवार, ३० मे २०२४

सकाळी अकराच्या सुमारास पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग एकदम ठप्प झाले. रॅक उघडले तेव्हा स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकत होते. हे लक्षण ओळखीचे आहे. जाळ्यात कुठेतरी फेरा तयार झाला होता आणि सर्वांना उद्देशून पाठवलेले संदेश त्यात गोल गोल फिरत वाढत चालले होते. एकेक पोर्ट काढत गेल्यावर नववा काढताच सर्व शांत झाले. त्या टेबलाखाली पाच पोर्टचा एक जुना साधा स्विच कोणीतरी आणून लावला होता आणि मोकळी दिसणारी पॅच कॉर्ड नीटनेटकेपणासाठी दोन्ही टोकांनी त्यातच खोचली होती.

लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण टेबलावर दोन पॉइंट हवे होते आणि दिला होता एकच. तिथे दुसरा पॉइंट काढून दिला आणि जुना स्विच भांडारात जमा केला. शिवाय टेबलांच्या सर्व पोर्टवर अशी सोय चालू केली, की स्विचने स्वतः पाठवलेला स्पॅनिंग-ट्रीचा (फेरे टाळण्याच्या व्यवस्थेचा) संदेश त्याच पोर्टवर परत आला तर ते पोर्ट आपोआप बंद व्हावे. काही साधे स्विच असे संदेश पुढे पाठवतच नाहीत, त्यामुळे फेरा ओळखणारी दुसरी, स्वतंत्र सोयही चालू ठेवली. संध्याकाळी सर्वजण गेल्यावर तोच जुना स्विच मुद्दाम तसाच जोडून पाहिला. ते एकच पोर्ट बंद पडले आणि बाकी जाळे निर्धोक चालू राहिले.

सोमवार, १० जून २०२४

मुंबईत मॉन्सून दाखल झाल्याचे हवामान खात्याने काल जाहीर केले. आज पाऊस ओसरल्यावर गॅलरीतला संपूर्ण मार्ग हाताने चाचपून पाहिला. झोळाच्या तळातून पाणी टपकत होते आणि त्याच्या पुढे केबल कोरडी होती. एका क्लॅम्पच्या स्क्रूभोवती ओल दिसली, तिथे जुने सीलंट काढून नवे भरले. रॅकमध्ये ओल नाही. ग्राहकाकडचा प्रकाश −६.८ आहे, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यापेक्षा फरक पडलेला नाही असेच म्हणायचे.

बुधवार, १९ जून २०२४

काम कार्यवाहांच्या स्वाधीन केले. नोंदवहीत मोजलेल्या मार्गाचा नकाशा, प्रत्येक क्लॅम्पची जागा, सहाही कोअरची वाचने, प्रत्येक पॉइंटचा क्रमांक आणि चिलखताच्या अर्थिंगची लाल शाईतली सूचना आहे. हेच क्रमांक पॅच पॅनेलवर, टेबलावरच्या डबीवर आणि वायरीच्या दोन्ही टोकांना आहेत. जिन्यातला जुना पाइप दोन मजल्यांना जोडत असल्याने त्यातून आग व धूर वर चढू नये म्हणून दोन्ही तोंडे अग्निरोधक लुकणाने बंद केली, आणि पुढच्या केबलसाठी नायलॉनची दोरी आत ठेवूनच ती बंद केली.

दोन कामे राहिली आहेत. हिरवा आणि तपकिरी कोअर वापरून दुसरी जोडी चालू करायची आहे, म्हणजे एक मॉड्यूल बिघडले तरी काम थांबणार नाही. ती मॉड्यूल जुलैच्या खरेदीत धरली आहेत. केबलच तुटली तर मात्र या दुसऱ्या जोडीचा उपयोग नाही, त्यासाठी तळमजल्यावरून वेगळा मार्ग लागेल. तो मार्ग पावसाळा संपल्यावर, चौकातली फरशी उचलायची परवानगी मिळाली की, फीत घेऊन चालून पाहायचा आहे.